कामठ्याच्या कादंबरीतली रोवणी

कामठा आमच्या गोंदियाकडच्या कुडव्यापासून दूर नाही. 1818 साली तिथले जमीनदार चिमणा पाटील इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतला. मी सध्या लिहिते आहे ती कादंबरी त्याच सालातली.

सांगाडा कागदांतून मिळतो. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 ची. पुढच्या मे महिन्यात नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले आणि सगळ्या मुलखात खळबळ उडाली. रेसिडेंट जेन्किन्सचा 1827 चा अहवाल, 1908 चं भंडारा गॅझेटियर, या. मा. काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे सगळं टेबलावर असतं. पण फौजेच्या बातमीनंतरही गावात कुणीतरी चूल पेटवलीच असेल. ती बाई या पुस्तकांत मला भेटत नाही.

ती मला आजीत भेटली. आजी रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, जायची. बांधीत पोटरीभर चिखल, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताची बोटं रोप घेऊन चिखलात शिरायची आणि अंगठ्याने दाब देऊन लगेच बाहेर यायची. रात्री ती पायांच्या बेचक्यांना तेल लावत बसे. एक गोष्ट मला तिच्यासोबत बांधीत उभं राहूनच कळली. रोवणारी बाई मागे मागे सरकते. रोवलेलं तिच्या समोर असतं, उरलेलं पाठीशी. म्हणून माझ्या कादंबरीत फौज येते तेव्हा रोवणी करणाऱ्या सगुणाला, माझ्या नायिकेला, ती दिसतच नाही. समोरच्या धुऱ्यावर बसलेल्या पोरांचे चेहरे बदलतात, ते तिला आधी दिसतात. हा प्रसंग लिहिला आणि कादंबरी मला खरी वाटू लागली.

आठवण मात्र तशीच्या तशी उचलता येत नाही. आजीचा काळ विसाव्या शतकातला. तिच्या घरात कंदील होता. 1818 च्या घरात रॉकेल नाही, म्हणून मी जवसाच्या तेलाचा दिवा लावते. आगपेटीचा शोध त्यानंतरचा, म्हणून सगुणा शेजारणीकडून विस्तव मागून आणते, आणि गावातल्या बातम्याही त्या विस्तवाबरोबरच घरी येतात. चहा नाही, रेल्वे तर 1880 च्या दशकातली. बैलांनी धान चुरणं, मोहफुलं वाळवणं, आजारी माणसाला भाताची पेज देणं हे मी निर्धास्तपणे ठेवते.

संवाद इथल्या झाडीबोलीत आहेत. पुण्याच्या वाड्यातली मराठी या माणसांच्या तोंडी घालणं मला पटत नाही. वाचकाला दोन पानं अडखळायला होईल, पण तेवढं त्याने सोसावं.

मी पहाटे लिहिते. घर जागं झालं की डबे, पाणी, येणारंजाणारं सुरू होतं. दुपारी तांदूळ निवडताना संवाद पुटपुटत राहते, आणि पुष्कळदा अडलेलं वाक्य तिथेच सुटतं.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने सह्याद्रीचे गड भरभरून लिहिले. वैनगंगेकाठच्या गढ्या तिच्यात फार थोड्या आल्या. गावच्या महसुलाची मालगुजारी पद्धत जाऊन सत्तरहून जास्त वर्षं उलटली, आणि तेव्हाचे कागद आता कुणाला लागत नाहीत. भंडारा-गोंदियात कुणाच्या पेटीत मोडीतले जुने कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आणि घरात रोवणी केलेली म्हातारी असेल, तर येत्या पावसाळ्यात तिच्याजवळ वही घेऊन बसा.