बशीतल्या पेशी, खाटेवरची आजी

वीस वर्षे मी कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. रोगी मात्र एकही पाहिला नव्हता! हसू नका, प्रयोगशाळांतून असे पुष्कळ आहेत. शेवटी एका डॉक्टरमित्राने ओढूनच मला वॉर्डात नेले. खाटेवरच्या आजींनी विचारले, “बाळा, तुझं औषध कधी रे येणार?” मला उत्तर सुचेना.

प्रयोगशाळेची नि रुग्णालयाची सोयरीक जुळली की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. पवईच्या आय. आय. टी.तले राहुल पुरवार टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर कामाला लागले. रोग्याच्याच रक्तातल्या लढाऊ टी-पेशी काढायच्या, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवायचे, नि परत त्याच्याच अंगात सोडायच्या! रक्ताच्या कर्करोगावरील या उपचाराला २०२३ साली सरकारी मान्यता मिळाली.

हल्ली दर गुरुवारी मी विद्यार्थ्यांना घेऊन डॉक्टरांबरोबर फेरीला जातो. आजींच्या खाटेवर आता दुसरेच कुणी आहे.