पपेटमध्ये आधी काय, मग काय?

पपेट हे सर्व्हर कॉन्फिगर करण्याचं साधन वापरणाऱ्यांनी हा अनुभव घेतलाच असेल: नव्या सर्व्हरवर पहिला रन लाल एरर देतो, दुसरा मात्र बिनबोभाट पार पडतो. ‘पुन्हा चालवलं की होतं’ म्हणून ते सोडून देऊ नका. कुठेतरी क्रम सांगायचा राहिलाय.

पपेट सगळी पॅकेजं, फाइल्स आणि सर्व्हिसेस यांचा मिळून एक आलेख बनवतो आणि त्यावरून क्रम ठरवतो. एनजिनएक्सचं पॅकेज आधी, कॉन्फिग फाइल नंतर, सर्व्हिस शेवटी, हे नातं ‘रिक्वायर’, ‘बिफोर’ किंवा बाणाने लिहायचं. फाइल बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट व्हायला हवी असेल, तर ‘नोटिफाय’. २०१५ च्या पपेट ४ पासून नातं न लिहिल्यास मॅनिफेस्टमधला, म्हणजे पपेट कोडच्या फाइलमधला, वरून खालचा क्रम धरला जातो. त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. कोड वेगवेगळ्या क्लासमध्ये विभागला की तो आधार लगेच डळमळतो.

खरी गंमत उबुंटूवर. ‘सगळ्या पॅकेजांआधी एपीटी अपडेट’ असा सरसकट नियम लिहिला, की अपडेटला हवी रेपॉझिटरीची की, कीला हवं जीएनयूपीजी, आणि तेही एक पॅकेजच! झालं वर्तुळ. पपेट ‘डिपेंडन्सी सायकल’ म्हणून थांबतो, आणि थांबतो तेच बरं. उपाय सोपा: ते एक पॅकेज नियमातून वगळा.

मॅनिफेस्ट नेहमी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर तपासा, आणि पहिल्याच रनला पास झाला तरच मर्ज करा.