महानगराजवळचे छोटे शहर : तिथे राहणे आणि घर घेणे

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :
- महानगरापासून दूर गेल्यावर घराची किंमत का उतरते
- स्वस्त घराची खरी किंमत कशी काढायची
- जमिनीच्या नोंदी आणि मालकी हक्क यांत फरक काय
- घर घेण्यापूर्वी कोणती कागदपत्रे व कोणती ठिकाणे स्वतः पाहायची

१. प्रस्तावना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मध्य रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवर बदलापूर हे स्थानक आहे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. या वाढीमागचे एक मोठे कारण म्हणजे मुंबई-ठाण्यात नोकरी करणारी आणि तिथे घर न परवडणारी कुटुंबे.

असे गाव तुमच्याही राज्यात असेल. अशा ठिकाणी पहिले घर घेणारे कुटुंब बहुधा आयुष्यभराची बचत आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते एकाच सहीवर लावते. उद्या हा निर्णय तुमच्याही घरात येईल. म्हणून या पाठाचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच लक्षात ठेवा. छोट्या शहरातले घर स्वस्त असते, कारण किमतीचा काही भाग आपण पैशांऐवजी वेळ, सोयी आणि कागदपत्रांतील अनिश्चितता या रूपाने चुकवतो.

२. घर स्वस्त का असते?

१९६४ मध्ये विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने याचे उत्तर मांडले. नोकऱ्या शहराच्या मध्यभागी एकवटलेल्या असतील, तर मध्यापासून दूर राहणाऱ्याला प्रवासाचा खर्च व वेळ जास्त लागतो. म्हणून तो दूरच्या जागेसाठी कमी पैसे देऊ करतो. अंतर वाढते तशी ही बोली उतरत जाते.

यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. प्रवासाचा वेळ कमी करणारी कोणतीही सोय जमिनीचा भाव वाढवते. म्हणूनच नवा पूल किंवा नवी रेल्वेमार्गिका घोषित होताच जाहिरातींत तिचे नाव येते. पण घोषणा आणि प्रत्यक्ष सेवा यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. भाव घोषणेच्या दिवशी वाढतो, सोय मात्र नंतर मिळते. मधल्या काळाची किंमत खरेदीदार भरतो.

३. एक हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तेवढ्याच क्षेत्रफळाचे घर महानगरात ८० लाखांना व छोट्या शहरात ४० लाखांना मिळते. फरक ४० लाखांचा. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतल्यास दर लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. म्हणजे छोट्या शहरात दरमहा ३६,००० रुपये वाचतात.

आता दुसरी बाजू. घरातील दोघे नोकरीला जातात, प्रत्येकाला जाऊन-येऊन रोज दोन तास जास्त लागतात आणि महिन्याला कामाचे २५ दिवस आहेत. दोघांचे मिळून १०० तास होतात. पास, रिक्षा आणि पाण्याचा टँकर यांचा जादा खर्च ६,००० रुपये धरू.

३६,००० − ६,००० = ३०,००० रुपये
३०,००० ÷ १०० तास = ताशी ३०० रुपये

म्हणजे हे कुटुंब आपला प्रत्येक तास ३०० रुपयांना विकत आहे. एकालाच रोज जावे लागत असेल आणि जादा खर्च तोच राहिला, तर तासाला ६०० रुपये मिळतात. एकच घर एका कुटुंबाला परवडते आणि दुसऱ्याला महाग पडते, ते असे.

दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, महागड्या घराची पुढे विक्रीची किंमतही जास्त असते, म्हणून वाचलेला हप्ता हा सगळाच नफा नव्हे. दुसरी, सगळ्यांचा तास सारखा नसतो. रात्री आठला घरी पोहोचून स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईचा तास या हिशेबात कुठे दिसतो, हे घरात विचारून पाहा.

४. मालकी : नोंद म्हणजे हक्क नव्हे

महानगराच्या कडेला जमीन शेतीतून घरबांधणीकडे वळत असते. त्यामुळे कागदपत्रांचा गुंता इथेच सर्वांत जास्त असतो.

महाराष्ट्र व गुजरातमध्ये जमिनीच्या उताऱ्याला सातबारा म्हणतात. कर्नाटकात पहाणी, तमिळनाडूत पट्टा, उत्तर प्रदेशात खतौनी, तर पंजाब-हरियाणात जमाबंदी. नावे वेगळी असली तरी तत्त्व एक आहे. ही नोंद मुख्यतः महसुलासाठी आहे. तिच्यावरून मालकीचे अनुमान करता येते, पण ती मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. दस्त नोंदणी कार्यालयातही दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याच्या हक्काची हमी सरकार देत नाही.

म्हणून पुढील गोष्टी पाहा :
- इतर हक्क : सातबाऱ्यावर हा रकाना असतो. बँकेचा बोजा, कूळ यांची नोंद इथे सापडते.
- भोगवटादार वर्ग २ : ही नोंद असल्यास जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात आणि बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.
- फेरफार : जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली, हे यातून कळते. वारसांपैकी एखादी बहीण वगळली गेली आहे का, हे जरूर तपासा.
- जमिनीचा प्रकार : महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला साधारणपणे शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने अशी बंदी २०२० मध्ये उठवली. आपल्या राज्याचा आजचा नियम वकिलाकडून समजून घ्या.

केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. तसेच घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे आणि बांधकाम परवानगीही नव्हे.

५. रेरा कायदा आणि त्याची मर्यादा

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याला सर्वजण रेरा म्हणतात. त्याने खरेदीदाराला महत्त्वाचे संरक्षण दिले. करार नोंदवण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी लागते. विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते.

पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला कायद्याने नोंदणी सक्तीची केलेली नाही. छोट्या शहरात नेमक्या अशाच तीन मजली इमारती भरपूर असतात. तिथे मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र तुम्हालाच मागून घ्यावे लागते.

६. कारभार, पाणी आणि पूर

जनगणनेत ‘जनगणना शहर’ असा एक वर्ग आहे. किमान ५,००० लोकसंख्या, ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक, असे त्याचे निकष आहेत. ही ठिकाणे २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. तिथले जीवन शहरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा. पाणी, मलनिस्सारण, कचरा ही कामे ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात भागत नाहीत. म्हणून घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की रस्त्यापलीकडच्या ग्रामपंचायतीत, हे आधी विचारा.

जमीन कुठे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. महाराष्ट्रात निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर दाखवते, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणारा. आपली इमारत कोणत्या रेषेत येते, ते नकाशावर पाहता येते. नदीकाठचा सुंदर देखावा जानेवारीत दाखवतात. तुम्ही जुलैतही एकदा जाऊन या.

शक्य असल्यास आधी एक वर्ष त्याच भागात भाड्याने राहा. उन्हाळ्यातले पाणी, पावसातला रस्ता आणि सकाळच्या गाडीतली गर्दी कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेली नसते.

सारांश

कमी किंमत म्हणजे सवलत नव्हे, ती अदलाबदल आहे. प्रवासाच्या तासाची किंमत काढा, हक्काचा माग घ्या, हद्द व पूररेषा पाहा. मग घेतलेले घर छोट्या शहरात असले तरी मोठ्या समाधानाचे ठरू शकते.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या महानगराभोवतीचे एक छोटे शहर निवडून विभाग ३ प्रमाणे ताशी किंमत काढा.
२. तुमच्या राज्यातील जमिनीच्या उताऱ्याचे नाव लिहा व तो मालकीचा अंतिम पुरावा का नाही, ते स्पष्ट करा.
३. लहान प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट असावी का? दोन्ही बाजू मांडा.