एक अट रद्द झाली, तर अख्खा करार रद्द होतो का?



मागच्या महिन्यात शिरपूरच्या एका गटातल्या काकूंनी मसाल्याच्या फ्रँचायझीचा करार माझ्यासमोर ठेवला. फ्रँचायझी म्हणजे कंपनीच्या नावाने, तिच्या अटींवर आपण चालवायचं दुकान. डिपॉझिट आपण भरायचं, विक्रीतला वाटाही द्यायचा. काकू डिपॉझिट गटाच्या कर्जातून भरणार होत्या.

करारात एक अट होती: करार संपल्यावर पाच वर्षं मसाल्याचा धंदा करायचा नाही. काकू म्हणाल्या, "हे कायद्यात बसत नाही म्हणतात. मंग करतो सही. उद्या वांधा झाला त सगळा कागदच रद्द होईन!"

तसं होत नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'यातील एखादी अट बेकायदेशीर ठरली तरी बाकीच्या अटी लागू राहतील.' याला 'सेव्हरेबिलिटी'चं कलम म्हणतात. बटाट्याचा किडका भाग कापून बाकीचा आपण भाजीत घालतो, तसंच हे.

श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आठवा. २००० साली त्याने जाहिरातीची कामं बघणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावरही दुसरीकडे जाण्याआधी त्याच कंपनीला संधी द्यायची, अशी त्यात अट होती. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. २००६ साली कोर्टाने सांगितलं, की भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे मुदतीनंतरचं असं बंधन टिकत नाही. करार चालू असतानाची बंधनं मात्र साधारणपणे टिकतात.

म्हणजे काकूंची पाच वर्षांची अट गळून पडेल, पण विक्रीतला वाटा, दर महिन्याची ठरलेली खरेदी, 'डिपॉझिट परत मिळणार नाही' ही अट, हे सगळं राहील. आणि गटाचा हप्ताही!

पण दूध नासलं तर नासका भाग वेगळा काढता येतो का? तसंच, कराराचा मूळ हेतूच बेकायदेशीर असेल तर हे कलम लिहूनही तो वाचत नाही. काय वेगळं निघतं आणि काय नाही, हे कोर्ट ठरवतं.

म्हणून सहीच्या आधी एवढं करा:

१. शेवटची पानंही कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या.

२. प्रत्येक अटीला विचारा: ही निघून गेली तर मला काय उरतं? समजा, 'या गावात दुसरं दुकान देणार नाही' हे कंपनीचं वचनच गळालं, तर? तेव्हा करार सोडता येईल आणि डिपॉझिट परत मिळेल, असं लिहून घ्या.

३. नको असलेली अट आधीच काढायला लावा. तोंडी शब्दावर राहू नका.

४. वकिलाला दाखवा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

काकूंनी अजून सही केलेली नाही. दोन अटी बदलून मागितल्या आहेत. कंपनीचं उत्तर लेखी आलं, की मगच गटात कर्जाचा ठराव होईल.