वाकेन, पण मोडणार नाही!

कपाशीला फवारणी करणाऱ्या माणसाच्या पाठीवरचा पंप तुम्ही पाहिलाच असेल. बुलढाणा जिल्ह्यात कपाशी आणि सोयाबीनच्या हंगामात तो गावोगावी दिसतो. बहुतेक पंपांच्या अंगाला प्लॅस्टिकचा एक लहानसा चाप असतो. काम थांबले की फवाऱ्याची दांडी त्यात 'खट्' करून बसवायची. हा चाप तुटला की दांडी लोंबू लागते आणि तिच्या तोंडातून ठिबकणारे औषध हातापायांवर येते. विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले होते, हे लक्षात घेतले तर हा चाप क्षुल्लक वाटणार नाही.

असा चाप शाळेत तयार करता येईल का? येईल. अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारची योजना २०१६ साली सुरू झाली आणि देशातील हजारो शाळांत त्रिमितीय मुद्रणयंत्रे, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, पोचली. त्याच्याही आधी, २००२ साली, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने 'फॅब लॅब' उभी राहिली. खेड्यातील अडचणीवर खेड्यातच तोडगा घडवावा, हा त्यामागचा विचार. यंत्र आहे, आराखडाही काढता येईल. खरा प्रश्न पुढेच आहे : प्लॅस्टिक कोणते घ्यायचे?

द्रवातून घन

१९८१ साली जपानमधील नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेपासून थरावर थर देऊन वस्तू घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांना अशाच पद्धतीचे एकस्व १९८६ साली मिळाले. या राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, छोटे रेणू आणि मध्यम लांबीच्या साखळ्या असतात. जंबुपार किंवा जांभळा प्रकाश पडला की त्या एकमेकींना जोडल्या जाऊन जाळे तयार होते.

जाळ्याचे आडबंध दाट असले तर वस्तू ताठ पण ठिसूळ होते. ते विरळ असले आणि मधल्या साखळ्या लवचिक असल्या तर ती रबरासारखी होते. रसायनतज्ज्ञ या दोहोंमधली वाट शोधतात. ताठ भागांच्या मध्ये लांब, लवचिक साखळ्या गुंफतात, म्हणजे ताण आल्यावर जाळे थोडे सरकते, पण फाटत नाही. या गुणाला मराठीत नेमका शब्द आहे : चिवटपणा.

तीन गुण, तीन मोजमापे

'लवचिक पण ताठ' हे ऐकायला विसंगत वाटते. पण कावडीचा बांबू आठवा. तो ओझ्याखाली वाकतो, मोडत नाही आणि ओझे उतरले की सरळ होतो. येथे तीन गुण वेगळे ओळखायला हवेत. ताठरता म्हणजे वाकवायला किती बल लागते ते. ती यंगच्या गुणांकाने मोजतात. तन्यता म्हणजे तुटण्यापूर्वी पदार्थ शेकडा किती ताणला जातो ते. आणि चिवटपणा म्हणजे तुटेपर्यंत तो किती ऊर्जा पचवतो ते.

साध्या कडक राळेचा यंगचा गुणांक साधारण २,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर किंवा थोडा अधिक असतो, पण ती ६ टक्क्यांच्या आसपास ताणली की तुटते. रबरी राळ दुपटीपर्यंत ताणली जाते, पण तिचा गुणांक ५ ते १० इतकाच भरतो. चिवट राळ मधली : गुणांक सुमारे १,५०० आणि ताण कित्येक पट अधिक सोसणारी.

गणित काय सांगते?

चापाचा एक पाय २० मि.मी. लांब, ५ मि.मी. रुंद आणि २ मि.मी. जाड आहे, आणि दांडी आत जाताना त्याचे टोक २ मि.मी. बाजूला सरते, असे समजा. पायाच्या मुळाशी पडणारी विकृती अशी काढतात :

विकृती = १.५ × जाडी × सरकणे ÷ (लांबी × लांबी)

उत्तर येते ०.०१५, म्हणजे दीड टक्का. कडक राळही हे सहज सोसेल. बल लागेल सुमारे ५ न्यूटन, म्हणजे अर्धा किलो वजनाइतके. पकड चांगली! हाच चाप रबरी राळेचा केला तर बल भरेल जेमतेम सव्वा ते अडीच ग्रॅम वजनाइतके. दांडी त्यात राहणारच नाही.

आता लांबी निम्मी, १० मि.मी. करा. विकृती चौपट होऊन ६ टक्क्यांवर जाते. कडक राळेचा चाप पहिल्याच 'खट्'ला तुटेल. जागेअभावी लांबी १२ मि.मी.च ठेवावी लागली तर? जाडी दीड मि.मी. केली तरी विकृती ३ टक्क्यांवर राहते, आणि दिवसातून पन्नास वेळा उघडमिट होणार. येथे चिवट राळच हवी. म्हणजे पदार्थ निवडण्याआधी आकार तपासावा. आकाराने भागत नसेल तेथे पदार्थ बदलावा. मुळाशी कोपरा काटकोनी न ठेवता गोल ठेवला तर ताण एका जागी साठत नाही, हेही ध्यानात ठेवा.

ऊन आणि हात

खामगाव-मलकापूरकडचा उन्हाळा ठाऊक आहे ना? पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढते. अनेक चिवट राळी ५०-६० अंश सेल्सिअसलाच नरम पडतात. शाळेतल्या यंत्रांत तारेच्या रूपात वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिकही ६० अंशांच्या आसपास मऊ होते. शिवाय उन्हात राळेचे जाळे आणखी घट्ट होत जाते आणि चिवट वस्तूही कालांतराने ठिसूळ होते. म्हणून मुद्रित चाप हा नमुना समजावा. माप, पकड आणि आकार त्यावर पारखून घ्यावेत; शेतात कायमचा वापरायचा चाप साच्यातून काढलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा बरा.

आणखी एक इशारा. न घट्टलेली राळ त्वचेला त्रासदायक असते. हातमोजे घालावेत, खोली हवेशीर असावी, शिक्षक जवळ असावेत. उरलेली राळ मोरीत ओतू नये. उन्हात घट्ट करून मगच टाकावी.

करून पहा

प्लॅस्टिकची ३० सें.मी.ची पट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा. २० सें.मी. भाग बाहेर ठेवून टोकाला काही नाणी बांधा आणि टोक किती मि.मी. खाली येते ते मोजा. मग तेवढीच नाणी टोकाला ठेवून १० सें.मी.च भाग बाहेर ठेवा. झुकाव निम्मा होईल असे वाटते ना? तो जवळजवळ एक-अष्टमांश होईल, कारण झुकाव लांबीच्या घनाप्रमाणे बदलतो. एकच पट्टी, एकच प्लॅस्टिक. पण एकदा लवचिक, एकदा ताठ. आता तुमच्या वर्गातल्या कंपासपेटीची बिजागरी, पेनाचा चाप आणि डब्याच्या कड्या पाहा, आणि त्यांतील कोणती कुठे तुटते व का, याची यादी करा.