ठिणगी केव्हा पडावी?

पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पडताच सारे वायुमिश्रण एकदम पेटते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ठिणगीपाशी प्रथम लहानशी ज्योत उत्पन्न होते आणि ती सिलिंडरभर पसरून दाब पुरता वाढेपर्यंत सेकंदाचे दोन-तीन सहस्रांश निघून जातात. हा काल अत्यल्प खरा; परंतु मिनिटास १,००० फेरे घेणारा भुजादंड, ज्याला कारागीर क्रँकशाफ्ट म्हणतात, तेवढ्यात १२ ते १८ अंश फिरतो. यास्तव दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. ही झाली ठिणगीची आघाडी. वेग वाढेल तशी आघाडीही वाढवावी लागते.

१९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी संख्येने निर्माण झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीत हे काम चालकाच्या हाती असे. सुकाणूचक्राखाली डावीकडे ठिणगीचा दांडा आणि उजवीकडे इंधनाचा. डावा दांडा वर ढकलला की ठिणगी उशिरा, खाली ओढला की लवकर. एंजिनाचा आवाज ऐकत चालक तो हलवी.

मोटार सुरू करताना मात्र कानाचा उपयोग नव्हता. हाताने हँडल फिरविले जात असता भुजादंडाची गती फार मंद असते. दांडा खालीच राहिला असेल, तर दट्ट्या वर चढत असतानाच मिश्रण पेटून दाब वाढतो, दट्ट्या मागे लोटला जातो आणि हँडल उलट उसळते. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट भंगास शल्यवैद्यकात आजही 'शोफरचा अस्थिभंग' म्हणतात, तो यावरूनच. हँडल डाव्या हाताने वर ओढावे, अंगठा त्याभोवती गुंडाळू नये, असे जाणते चालक सांगत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत्-आरंभक आला, तेव्हा या धोक्यावर खरा उपाय सापडला.

जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्यापुढे आजही प्रश्न उभा राहतो तो हा, की चूक किती चालेल? धावत्या एंजिनात दोन-तीन अंशांचा फरक शक्तीत क्वचितच जाणवतो. सर्व सिलिंडरांत तो सारखाच असेल तर दांडा हलवून भरूनही काढता येतो. पण 'मॉडेल टी'त चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कंपक वेटोळी आहेत. त्यांपैकी एकाचे जुळणे बिघडले तर त्याच सिलिंडराची ठिणगी मागेपुढे पडते, आणि तिथे दांडा निरुपयोगी ठरतो. शिवाय ठिणगी वाटणारा टायमर भुजादंडाच्या निम्म्या गतीने फिरतो. झिजेमुळे त्यात आलेला एक अंशाचा ढिलेपणा भुजादंडावर दोन अंशांचा होतो.

आरंभाच्या वेळी तर मोजमापाच्या दोन बाजू सारख्या नाहीतच. दांडा पूर्ण वर असताना ठिणगी थोडी उशिरा पडली तर एंजिन जरा कष्टाने सुरू होईल, एवढेच. तीच लवकर पडली तर हात मोडेल.

वरचे टोक नुसत्या डोळ्यांनी शोधणेही फसवे आहे. चार इंच धावेच्या या एंजिनात टोकापासून १० अंश दूर असलेला दट्ट्या जेमतेम एक मिलिमीटर खाली असतो; अगदी टोकापाशी तर तो स्थिरच भासतो. म्हणून ठिणगी-गुडदी काढून तिच्या जागी अडसर बसवितात, भुजादंड हळूच प्रथम एका दिशेने व मग दुसऱ्या दिशेने फिरवून दट्ट्या अडसरास टेकवितात आणि दोन्ही वेळा चाकावर खूण करतात. या दोन खुणांचा मध्य म्हणजे नेमके टोक. ४०० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर एक अंश म्हणजे साडेतीन मिलिमीटर. खडूची रेघ तेथे पुरते. मग टायमरची दांडी किंचित वाकवून, दांडा पूर्ण वर असताना ठिणगी त्या खुणेच्या नंतरच पडेल अशी योजना करतात.