नगाचा माल, किलोचा माल

रविवारचे पावणेआठ वाजलेत. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून पुरता भरलेला नाही. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या पसरणं चालू आहे. कुणी पितळी तांबे पुसतंय, कुणी वापरलेल्या बुटांच्या जोड्या लावतंय, कुणाच्या पोत्यातून ड्रिल मशिनं बाहेर येताहेत. बुधवार आणि रविवार, असे आठवड्यातले दोन दिवस हा बाजार भरतो. मी इकडेतिकडे न बघता संगणकाचं भंगार विकणाऱ्या चाचांच्या ताडपत्रीपाशी जाऊन उकिडवा बसतो. पंचवीस वर्षं संगणकदुरुस्ती केली, तिथपासूनची आमची ओळख.

चाचांच्या उजव्या हाताला एक ढीग, डाव्या हाताला दुसरा. उजवीकडे नगाचा माल : हार्ड डिस्का, रॅमच्या पट्ट्या, पंखे, बरे दिसणारे एसएमपीएस. डावीकडे किलोचा : मदरबोर्ड, एकावर एक, फरशा रचाव्यात तसे. मधोमध चाचा, त्यांची पक्कड आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. बोर्ड हातात आला की ते आधी प्रोसेसर उचकटून डब्यात टाकतात, मग बोर्ड उलटसुलट करून डावीकडे सरकवतात. एका बोर्डाला अर्धं मिनिटही लागत नाही.

"काय भाव चाललाय, चाचा?"

"बोर्ड अडीचशे किलो. सोन्याच्या पायाचा निघाला तर त्याचा हिशेब वेगळा."

सोन्याच्या पायाचा एक मी डब्यातून उचलतो. इंटेलचा ४८६ डीएक्स-२, १९९२ मध्ये बाजारात आलेली जात. करड्या-जांभळ्या सिरॅमिकची चौकोनी वडी. तळहातावर घेतली की सकाळच्या फरशीसारखी गार लागते. उलटी केली की मध्ये सोनेरी चौकोन आणि त्याच्याभोवती ओळीनं उभे असलेले १६८ पाय, एकूण एक सोनेरी. तीन पाय वाकलेत, पक्कड लागलेली दिसते. सुईनं हळूच सरळ केले तर हा प्रोसेसर अजून चालेल. पण डब्यात त्याला कुणी चालवायला टाकलेलं नाही. त्याच्या अंगावरचा सोन्याचा मुलामा काढायचाय, आणि तो मुलामा डोळ्याला दिसतो त्याहून फार म्हणजे फारच पातळ असतो.

तो निघतो कसा, हे या बाजारात कुणी बोलत नाही. माल हात बदलत जातो. दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला असे बोर्ड वर्षानुवर्षं फोडले, जाळले आणि ॲसिडात बुडवले गेलेत. उघड्या टपात ॲसिड, वर पिवळा धूर, कडेला हातमोज्यांशिवाय काम करणारी माणसं. वापरलेलं ॲसिड कुठे ओततात, ते तिथल्या नाल्यांना ठाऊक. सोन्याच्या पायाचा भाव सांगताना हा खर्च कुणी धरत नाही.

पलीकडे चाचांचा भाचा जुना मॉनिटर मोडतोय. चौदा इंची, काचेच्या नळीचा. नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला तेवढंच हवंय. हातोडीचा एक बारीक ठोका, 'फुस्स' असा आवाज, आत हवा शिरते. मग मान मोडते आणि वेटोळं सुटून हातात येतं. काच तशीच पडून राहते. त्या काचेत शिसं आहे. मी त्याला हातमोजे घालायला सांगतो. तो हसून मान हलवतो आणि पुढचा मॉनिटर ओढतो. मला हसू येत नाही.

आठ वाजून गेलेत. एक बाई स्कूटर कडेला लावतात. पुढे पाय ठेवायच्या जागेत आडवा कॅबिनेट, हँडलला पिशवी. चाचांना म्हणतात, "भाऊ, हे घ्यायचंय का? सासऱ्यांचं आहे. कोर्टापाशी त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. जागा रिकामी करतोय."

चाचा कॅबिनेट काट्याला लावतात, पिशवीत डोकावतात. "सगळं मिळून पाचशे."

बाईंना ते कबूल आहे. त्यांना मोकळं व्हायचंय, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. घर आवरताना कोण काय काय बघत बसणार?

२०१५ साली अमेरिकेतल्या मिल्पिटास गावात असंच झालं. नवरा गेल्यावर एका बाईनं गॅरेज आवरलं आणि खोकी भंगाराच्या कंपनीत नेऊन दिली. पावती घेतली नाही, नावपत्ता ठेवला नाही. काही आठवड्यांनी खोकी उघडली, तर आत ॲपल-१. हा संगणक १९७६ मध्ये जेमतेम दोनशेच्या आसपास बनला होता. तो २ लाख डॉलरला विकला गेला, आणि निम्मे पैसे द्यायला कंपनी त्या बाईंना शोधत राहिली. त्याच्या आदल्या वर्षी दुसरा एक ॲपल-१ लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला होता. आपल्या माळ्यावर ॲपल-१ निघणार नाही, हे मलाही कळतं. पण ते खोकं वाचलं ते कुणीतरी उघडून आत बघितलं म्हणूनच.

"ताई, पाच मिनिटं थांबता? आत काय आहे ते बघू द्या," मी म्हणतो. चाचा माझ्याकडे बघतात, मग न बोलता स्क्रू ड्रायव्हर पुढे करतात.

पत्रा निघतो. आत तीस वर्षांची धूळ, दाबल्यावर नमदा होईल अशी. ४८६चा बोर्ड. कीबोर्डच्या गोल खोबणीजवळ निळ्या वेष्टनाची पिंपासारखी बॅटरी, निकेल-कॅडमियमची, बोर्डालाच डाख दिलेली. ती फुटली आहे. तिच्यातून झिरपलेल्या क्षारानं चारी बाजूंना हिरवट-पांढरं बुरशीसारखं काहीतरी चढलंय. नखानं खरवडतो, तर त्याच्याखालची तांब्याची रेघही भुग्यासारखी निघून येते. खोबणीचे पाय काळे पडलेत, शेजारची चिप अर्धी खाल्लेली. दहा वर्षांपूर्वी कुणी ही बॅटरी नुसती कापून टाकली असती आणि ती जागा व्हिनेगरनं पुसून घेतली असती, तर हा बोर्ड आज नगात गेला असता. आता तो किलोचाच. मी तसं स्पष्ट सांगतो. चाचा मान डोलावतात. प्रत्येक जुनी वस्तू वाचवायलाच हवी, असं मी कधीच म्हटलेलं नाही. पेंटियम-४च्या काळातले फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड चाचांच्या डावीकडे ढिगानं पडलेत. त्यांना गिऱ्हाईक नाही. ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे गेले, की झालं.

पिशवीतून कीबोर्ड निघतो. टीव्हीएस गोल्ड. शेजारच्या ताडपत्रीवर केबली चाळणारा एक तरुण लगेच सरकून येतो. "काका, बघू?" तो एक कळ अलगद वर उचलतो. खाली निळा स्विच, त्यावर बारीक अक्षरांत 'चेरी'. कळ परत बसवून दाबतो. खट्. पुन्हा खट्. ज्यांनी दिवसभर दावे, खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं टाइप केलीत, त्यांना हा आवाज ठाऊक आहे. कळ लागली की नाही ते बोटाला आणि कानाला एकदमच कळतं. स्पेसबार मध्यभागी एका अंगठ्याएवढा झिजून चकचकीत झालाय. बाई तो बघतात आणि म्हणतात, "डाव्या अंगठ्यानंच दाबायचे ते."

तरुण नऊशे रुपये देतो. चाचांनी अख्ख्या सामानाला पाचशे सांगितले होते.

चाचांना मी दोष देणार नाही. सोनं, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, कशाचा आज काय भाव आहे ते त्यांना तोंडपाठ आहे. पण कीबोर्डची कळ उचलून बघायला वेळ लागतो, आणि तोवर दुसरी चार पोती येऊन पडतात. किलोच्या धंद्यात वेळ हाच तोटा.

तेवढ्यात भोसरीचे एक वर्कशॉपवाले येतात. दर दोन-तीन महिन्यांनी इथे दिसतात. त्यांच्याकडे वायरकट मशीन आहे, डॉसवर चालणारं. त्याचं कंट्रोलर कार्ड लांब काळ्या स्लॉटमध्ये, म्हणजे आयएसएमध्ये बसतं, आणि तो स्लॉट आजच्या दुकानातल्या कुठल्याही साध्या बोर्डावर नसतो. मशीन ठणठणीत, मोटर ठणठणीत, आणि त्यांचा बोर्ड गेलाय. नवा कंट्रोलर बसवायचा म्हणजे लाखाच्या घरातला खर्च. ते डावीकडचा ढीग, किलोचा, एकेक करून उपसायला लागतात. सहाव्या की सातव्या थराला पहिल्या पेंटियमच्या काळातला बोर्ड लागतो. तीन काळे स्लॉट शाबूत. बॅटरी बटणासारखी, लिथियमची. ती फुटलेली नाही, त्यामुळे बोर्ड कोरडा खणखणीत. प्रोसेसरही जागेवर आहे, चाचांच्या पकडीतून हा एक कसा कोण जाणे सुटलाय.

"कितीला?"

चाचा बोर्डाकडे बघतात, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. "अठराशे."

ते घासाघीस न करता पैसे मोजतात आणि बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळतात, काचेचं भांडं गुंडाळावं तसा. काट्यावर हा बोर्ड दोनशेचाही झाला नसता. सोमवारी भोसरीत तो बसला, तर एक मशीन आणि त्यावरची दोन माणसं कामाला लागतील. जुन्या संगणकाच्या किमतीबद्दल बोलताना आपल्याला परदेशातले हौशी संग्राहक आठवतात, लिलाव आठवतात. मला मात्र हा व्यवहार जास्त मोलाचा वाटतो.

मी पुन्हा टायपिंगवाल्यांच्या कॅबिनेटकडे वळतो. बोर्डाच्या स्लॉटांत तीन कार्डं उभी आहेत. पहिलं डिस्प्लेचं. दुसरं हार्ड डिस्क आणि फ्लॉपी चालवणारं. तिसऱ्याचा स्क्रू गंजलाय, जरा जोर लावावा लागतो. कार्ड वर येतं, मी त्याच्यावरची धूळ फुंकतो, आणि हात थांबतो.

जिस्ट. सी-डॅक, पुणे.

सी-डॅक म्हटलं की लोकांना १९९१चा परम ८००० महासंगणक आठवतो. आठवायलाच हवा. पण सरकारी कचेरीतल्या कारकुनापर्यंत, छापखान्यापर्यंत पोचलं ते हे कार्ड. आयआयटी कानपूरला या तंत्राची सुरुवात झाली आणि सी-डॅकनं ते वाढवलं. डॉसच्या संगणकाला मराठी अजिबात येत नव्हती. हे कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की वर्डस्टारमध्ये, डीबेसमध्ये, त्याच इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रॅमांत, पडद्यावर काना-मात्रा-वेलांटीसकट देवनागरी उमटायची. विंडोजला मूळचं देवनागरी यायला पुढे विंडोज २००० उजाडावं लागलं. मी स्वतः ही कार्डं बसवलीत. पहिल्यांदा स्वतःचं नाव पडद्यावर मराठीत दिसलं की टाइप करणारा माणूस हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसायचा. हे मी एकदा नाही, कितीतरी कचेऱ्यांत पाहिलंय.

"याच्या खालच्या पट्टीला सोनं आहे," चाचा म्हणतात. "पट्टी कापून वेगळी विकतो आपण."

"ही कापू नका."

कार्ड मी पाचशेला घेतो. पैसे बाईंच्या हातात देतो आणि कार्ड काय आहे ते सांगतो. त्या ते हातात घेतात, उलटंपालटं करतात. "म्हणजे मराठी दाव्यांचे कागद यावरच व्हायचे?"

"यावरच. याच्याबरोबर फ्लॉप्या असतील, ताई. आणि एक पुस्तक. ते कुठेय?"

त्या क्षणभर आठवतात. "प्लास्टिकचा डबा होता, कुलपाचा. त्याची किल्ली नव्हती. तो आणि पुस्तकं मागच्या रविवारी टाकली. पुस्तकं रद्दीत, डबा घंटागाडीत."

मी काही बोलत नाही. त्यांना तरी काय माहीत!

कार्ड चालवणारा प्रोग्रॅम त्या फ्लॉपीवर असतो. तो नसेल तर हे कार्ड भिंतीवर लावायला छान आहे, पण त्यातून मराठीचं एकही अक्षर पडद्यावर येणार नाही. जुन्या सामानाची किंमत सगळ्यांत जास्त इथेच घसरते : वस्तू एकीकडे, तिची केबल दुसरीकडे, फ्लॉपी कचऱ्यात आणि पुस्तक रद्दीत. चारही गोष्टी एका खोक्यात असल्या तर तो नग. वेगवेगळ्या झाल्या की चारही किलोत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत रिसायकलरबरोबर दुरुस्त करून वापरात आणणाऱ्यालाही, रिफर्बिशरला, स्थान आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण पोतं बांधण्याआधी आत बघायचं काम कुठलाच नियम करू शकत नाही. ते घरातल्या माणसानंच करायचं असतं.

बाईंच्या हातात आता कीबोर्डचे नऊशे आणि कार्डाचे पाचशे आहेत. उरलेला पत्रा, बोर्ड आणि वायरी चाचा पुन्हा काट्याला लावतात आणि साडेतीनशे देतात. त्या बोर्डावरचा ४८६चा प्रोसेसर त्यांनी मला न विचारता बाजूला काढून ठेवलाय. डब्यात टाकलेला नाही. "शंभर द्या," म्हणतात. मी देतो.

स्कूटर निघून जाते. ऊन वर आलंय, बाजार भरलाय, पलीकडे पुन्हा एकदा 'फुस्स' असा आवाज होतो.

कार्ड माझ्या टेबलावर आहे, पुसून कोरडं केलेलं. त्याला लागणारा ४८६चा चालू बोर्ड माझ्याकडे आहे. फक्त फ्लॉपी नाही. तुमच्या घरी, जुन्या कचेरीत, बंद पडलेल्या छापखान्यात किंवा टायपिंगच्या दुकानात डॉसच्या काळातल्या फ्लॉप्यांचा डबा असेल, तर तो टाकण्याआधी उघडा. किल्ली नसेल तर कुलूप तोडा. एखाद्या लेबलावर 'जिस्ट' लिहिलेलं दिसलं, तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. मी येऊन घेऊन जाईन.